अल्नाचं हाड आखूड केलं, त्याला दहा वर्षं झाली

मनगट दुखतं म्हणून हाताचं करंगळीकडचं हाड, म्हणजे अल्ना, कापून आखूड करायचं, हे ऐकलं की माणूस आधी दचकतो आणि मग एकच विचारतो : दुखणं गेलं का? ऑपरेशनच्या पहिल्या वर्षी हे मला भेटेल तो विचारायचा. उत्तर 'हो' होतं आणि दहा वर्षांनंतरही 'हो'च आहे. पण तेवढ्यावर कुणी ऑपरेशनला तयार होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण याचा खरा हिशेब पहिल्या वर्षात लागतच नाही. हाड जुळायला किती महिने जातात, प्लेट टोचायला लागली तर काय करायचं, शेजारच्या सांध्याचं पुढं काय होतं, पकड किती परत येते, हे नंतर कळत जातं. आणि नंतरचं कुणी सांगत नाही, कारण तोवर पेशंट दवाखान्यात जायचा बंद झालेला असतो.

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, सावळजच्या पट्ट्यात. २०११च्या पावसाळ्यात तासगावहून सांगलीला जाताना कवलापूरच्या अलीकडं गाडी घसरली आणि मी उजव्या हातावर पडलो. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, निघालं, हात सरळ दिसत होता, त्या हंगामातली छाटणीही झाली. दुखणं सुरू झालं ते पुढच्या वर्षी. तेही मोडलेल्या बाजूला नाही, करंगळीच्या बाजूला. त्यामुळं जुन्या मोडीशी याचा काही संबंध असेल असं घरात कुणालाच वाटलं नाही.

हे दुखणं कसं असतं ते नीट सांगतो, कारण ओळख इथंच पटते. हात नुसता ठेवला तर काही नाही. कात्री दाबताना तळवा खाली असतो, मूठ घट्ट असते आणि मनगट करंगळीकडं झुकलेलं असतं. त्या क्षणी मनगटाच्या बाहेरच्या उंचवट्याच्या पुढं, खोलात, कळ उठायची. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवताना तेच. ओला टॉवेल पिळताना तेच. भारतीय बैठकीतून तळहात टेकून उठायचं म्हटलं की दुसरा हात टेकायचा. फिरवताना आतून 'कट्' असा आवाज यायचा, तो बायकोलाही ऐकू जायचा. शेक, लेप, पट्टा, गोळ्या सगळं झालं. एक इंजेक्शन घेतलं, त्यावर ऑक्टोबर छाटणी निभावली आणि विरळणीला बसलो तोवर कळ पुन्हा हजर.

शेवटी मिरज. आमच्याकडं मोठं दुखणं निघालं की मिरजेचा रस्ता धरायचा ही फार जुनी रीत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातलेसुद्धा पेशंट तिथं उतरतात. मी ज्यांच्याकडं गेलो ते फक्त हाताची ऑपरेशनं करणारे सर्जन होते. त्यांनी माझं कोपर टेबलावर टेकवलं, पंजा धरून मनगट करंगळीकडं वाकवलं, वरून दाब दिला आणि दाब न सोडता हात उलटसुलट फिरवला. मी खुर्चीतून उठलोच.

"हेच दुखणं ना?"

"हेच, डॉक्टर."

मग एक्स-रे. आजवर काढलेले एक्स-रे मी पिशवी भरून नेले होते, पण त्यांनी नवे काढायला लावले आणि तेही विशिष्ट पद्धतीनं. हात खांद्याच्या उंचीला बाजूला, कोपर काटकोनात, पंजा सपाट. का, तर हात थोडा जरी फिरलेला असला तरी दोन हाडांच्या उंचीतला फरक बदलून दिसतो. दुसरा एक्स-रे तळवा खाली करून, मूठ जोरात आवळून. मूठ आवळली आणि तळवा खाली केला की करंगळीकडचं हाड आणखी थोडं पुढं सरकतं, आणि कात्री धरताना मी नेमकं तेच करत होतो. साध्या एक्स-रेत जे डोळ्यावर येत नव्हतं ते या दुसऱ्या फिल्ममध्ये लख्ख दिसत होतं.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. मनगटावर येणाऱ्या भारातला साधारण ८० टक्के रेडियस घेते आणि २० टक्के अल्ना. माझी रेडियस मोडली ती जुळताना चार मिलिमीटरच्या आसपास आखूड झाली. अल्ना होती तेवढीच राहिली, म्हणजे हिशेबानं लांब झाली. मंडपाचा एक खांब बोटभर उंच झाला की तारेचा सगळा ताण त्याच खांबावर येतो, हे द्राक्षवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पामर आणि वर्नर या दोघांनी १९८४ साली प्रयोगशाळेत मृतांच्या हातांवर हे मोजून दाखवलं होतं : अल्ना अडीच मिलिमीटर लांब केली की तिच्यावरचा भार २० वरून ४२ टक्क्यांच्या घरात जातो आणि अडीच मिलिमीटर आखूड केली की ४ टक्क्यांवर येतो. अडीच मिलिमीटर म्हणजे मोजपट्टीवरच्या अडीच रेघा. मी आजही हे आकडे कुणाला सांगताना अंगठ्याच्या नखावर ती जाडी दाखवतो.

अल्नाचं टोक आणि मनगटाची लहान हाडं यांच्यामध्ये कूर्चेची एक त्रिकोणी गादी असते. तिला टीएफसीसी म्हणतात. वरचेवर दाबून ती झिजते, तिला भोक पडतं, आणि मग टोक पलीकडच्या लुनेट नावाच्या लहान हाडावर घासायला लागतं. माझ्या एमआरआयमध्ये गादी झिजलेली होती आणि लुनेटची अल्नाकडची कड सुजलेली होती. या आजाराला अल्नर इम्पॅक्शन म्हणतात. हाड न मोडताही तो होतो; काहींची अल्ना जन्मतःच लांब असते.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. आधी काही महिने पट्टा आणि जोराच्या कामाला सुट्टी. ते मी पाळलं. फरक पडला, पण कात्री हातात घेतली की दोन दिवसांत सगळं मूळपदावर. मग त्यांनी पर्याय मांडले. एक, दुर्बिणीतून अल्नाच्या टोकाचा पातळ थर तासून काढायचा. पण त्यात दोन-चार मिलिमीटरच्या पुढं जाता येत नाही आणि माझा फरक त्या मर्यादेवरच होता. दुसरा, मूळ दोष रेडियसमध्ये आहे तर रेडियसच पुन्हा कापून सरळ आणि लांब करायची. ती वाकडी जुळली असती तर त्यांनी तेच केलं असतं. माझी वाकडी नव्हती, फक्त आखूड होती. त्यामुळं तिसरा पर्याय : अल्ना मधून कापायची, चकती काढायची आणि प्लेट टाकून जुळवायची. हे ऑपरेशन नवं नाही. न्यूयॉर्कच्या हेन्री मिल्च यांनी १९४१ साली ते लिहून ठेवलंय, आणि तेही असंच रेडियस आखूड जुळलेल्या पेशंटवर.

तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं, पण आज सगळ्यात महत्त्वाचं वाटतं असं एक काम त्यांनी त्या दिवशी केलं. मनगटाच्या अलीकडं रेडियस आणि अल्ना एकमेकांना जिथं टेकतात तो लहान सांधा त्यांनी फिल्मवर बराच वेळ बघितला. हात पालथा-उताणा होतो तो याच सांध्यावर. प्रत्येकाचा उतार वेगळा असतो. काहींचा उतार उलटा असतो, आणि अशा माणसाची अल्ना वर, कोपराकडं ओढली तर दोन्ही हाडं तिथं एकमेकांत रुततात. मनगटाचं दुखणं जातं आणि या सांध्याचं मागं लागतं. माझा उतार ठीक होता. तरी ते म्हणाले, "हाड मी बरोबरीला आणीन, फार तर एक मिलिमीटर आत. जास्त आखूड केलं म्हणजे जास्त बरं, असं नसतं."

तारीख ठरवताना बागेचं पंचांग मांडलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणी उरकून मे महिन्यात ऑपरेशन केलं तर ऑक्टोबरपर्यंत पाच महिने मिळतात. माझा हिशेब त्यांनी ऐकून घेतला आणि स्पष्ट सांगितलं की हाड ऑक्टोबर बघत नाही. अल्ना मधोमध कापलेली असते. तिथलं हाड कठीण, रक्तपुरवठा बेताचा, जुळायला वेळ घेतं. मनगटाजवळची मोड दीड महिन्यात जुळते, हे तसं नाही.

आणि तंबाखू. तंबाखू-चुन्याची डबी माझ्या खिशात असायची, आमच्या भागातल्या निम्म्या बागाईतदारांच्या असते. त्यांची अट होती की ऑपरेशनच्या आधी महिनाभर बंद आणि हाड पूर्ण जुळेपर्यंत बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाडाला मिळायचं ते मिळत नाही. अमेरिकेतल्या २००१ सालच्या एका अभ्यासात याच ऑपरेशननंतर धूम्रपान न करणाऱ्यांची हाडं सरासरी चार महिन्यांत जुळली होती आणि करणाऱ्यांना सात महिने लागले होते. मी डबी आईकडं दिली. तिनं ती परत दिली नाही आणि मीही मागितली नाही.

ऑपरेशन मे २०१५ मध्ये झालं. गळ्याच्या बाजूला, हसळीच्या वर इंजेक्शन देऊन पूर्ण हात बधिर केला. मी जागा होतो. हात जड होत होत आपला राहत नाही, तो उचलून बाजूला ठेवतात आणि आपण बघत राहतो, हे विचित्र असतं पण दुखत काही नाही. पडद्यामुळं दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. करवतीचा बारीक आवाज, मध्येमध्ये थांबणं, आणि प्रत्येक वेळी "पाणी सोडा, पाणी सोडा". करवत तापली तर हाडाची कड भाजते आणि भाजलेली कड जुळत नाही, म्हणून सारखं सलाईन सोडतात. काप तिरका घेतात. तिरक्या कापात हाडाला हाड टेकायला जास्त जागा मिळते आणि आडवा एक स्क्रू मारून दोन्ही तुकडे एकमेकांवर आवळता येतात. वरून प्लेट आणि सहा स्क्रू.

संपल्यावर डॉक्टरांनी वाटीत ठेवलेला तुकडा दाखवला. तिरकी, पातळ, मधे पोकळ अशी कडी, कडेला किंचित रक्त. चार मिलिमीटर. तीन वर्षं ज्यानं मला छळलं ते एवढंसं होतं.

पहिला आठवडा औषधांवर गेला. दुसऱ्या आठवड्यात टाके निघाले, नंतर काढता-घालता येणारा पट्टा. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, कोपर हलवायचं, पण हातात चहाच्या कपापेक्षा जड काही धरायचं नाही. पंजाच्या मागच्या बाजूला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या वर, कातडी बधिर होती. तिथून जाणारी नस ऑपरेशनच्या वाटेत असते, ती बाजूला ओढावी लागते, म्हणून असं होतं. बधिरपणा चार-पाच महिन्यांत ओसरला. अजूनही थंडीत दाढीचं पाणी त्या भागावर पडलं तर ते इतर ठिकाणापेक्षा गार लागतं.

सगळ्यात अवघड काळ तिथून पुढचा. दर महिन्याला एक्स-रे आणि दर महिन्याला ती तिरकी रेघ जशीच्या तशी. दुखत नव्हतं. मनगटातली जुनी कळ तर गेलीच होती, पहिल्या दोन महिन्यांत गेली, आणि हात पिळून बघायचा मोह व्हायचा. पण हाड जुळलेलं नसताना सगळा भार प्लेटवर असतो, आणि प्लेट कितीही मजबूत असली तरी तिला वरचेवर वाक बसला की ती थकते, एखादा स्क्रू सैल होतो. जुलैमध्ये रेघ. ऑगस्टमध्ये रेघ, कडा जरा धूसर. डॉक्टर शांत होते, मी नव्हतो. घरात सगळे मला सारखं काहीतरी हाडासाठी म्हणून खायला घालत होते : नाचणी, अळीव, डिंकाचे लाडू. डॉक्टरांनी रक्त तपासून ड जीवनसत्त्व कमी आहे म्हणून त्याची पुडी सुरू केली, ती मात्र त्यांनी काटेकोर घ्यायला लावली.

ऑक्टोबर छाटणीला मी बांधावर उभा होतो. छाटणीवाल्यांची टोळी आली, धाकट्या भावानं सगळं सांभाळलं. कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे ते मी तोंडानं सांगत होतो आणि तो म्हणाला, "दादा, तू घरी जा, आमचं काम होईल." मी गेलो नाही. स्वतःच्या बागेत हात खिशात घालून उभं राहणं मला जमलं नाही असं नाही, जमवावं लागलं. नोव्हेंबरच्या एक्स-रेमध्ये रेघेवरून हाड गेलेलं दिसलं. त्यानंतर फिजिओ, रबराचा चेंडू, छोटी वजनं. पुढच्या एप्रिलला मी कात्री धरली. कळ नव्हती. दिवसभर छाटून संध्याकाळी व्हॉल्व्ह उजव्या हातानं फिरवला आणि तो फिरला.

इथं बहुतेकांचं सांगणं संपतं. माझ्या मते इथून सुरू होतं.

अल्ना कातडीच्या लगेच खाली असते. कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवून बघा, पूर्ण हाड हाताला लागतं. त्यावर प्लेट बसवली की ती झाकायला मांस जवळजवळ नसतंच. टेबलावर हात टेकून वही लिहिली की प्लेटची कड टोचायची. ट्रॅक्टरच्या फेंडरवर हात ठेवला की टोचायची. जानेवारीत पहाटे फवारणीला निघालो की ती पट्टी आतून गार पडल्यासारखी वाटायची. हे दुखणं मोठं नव्हतं, पण रोजचं होतं. या ऑपरेशननंतर प्लेट काढावी लागणं ही सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट आहे; काही ठिकाणी मोजक्याच पेशंटची निघते, काही ठिकाणी निम्म्यांची. प्लेट हाडाच्या कुठल्या अंगाला बसवली यावर बरंच अवलंबून असतं. तळव्याच्या अंगाला, स्नायूखाली बसवली तर टोचणं कमी होतं.

काढायची घाई मात्र करू नये, हे मला पटवून दिलं गेलं आणि ते योग्य होतं. प्लेट भार घेत असते तोवर खालचं हाड आळसावलेलं राहतं, आणि स्क्रू काढले की त्यांची भोकं उरतात. लवकर काढली तर त्याच जागी हाड पुन्हा मोडायची भीती. म्हणून किमान वर्ष-दीड वर्ष थांबतात. माझी २०१७च्या एप्रिलमध्ये काढली. हे दुसरं ऑपरेशन सोपं, त्याच दिवशी घरी. पण पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जड उचलायचं नाही, धडपडायचं नाही. ज्यांना प्लेट टोचत नाही त्यांनी ती काढूच नये असं माझं मत आहे. एकाच हाताची दोन ऑपरेशनं धरूनच पहिल्याचा निर्णय घ्यावा.

खरी परीक्षा २०१९ला झाली. ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर, सांगलीत घरंच्या घरं पाण्यात. आमचा पट्टा पुरापासून लांब, पण छाटण्या झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी थांबेना. डावणी रोगानं आणि घडकुजीनं बागा बसल्या. बागेत ट्रॅक्टर जात नव्हता, चिखलात तो रुततो. पाठीवर पंप घेऊन, पाइप ओढून फवारण्या केल्या, कुजके घड हातानं काढले, दिवसभर कात्री. त्या दोन महिन्यांत मनगटानं एकदाही जुनी कळ दिली नाही. त्यासाठी मी त्या डॉक्टरांचा कायम ऋणी आहे. बाग मात्र त्या वर्षी निम्मीही हाती लागली नाही.

दुखलं ते वेगळ्या जागी, त्याच हंगामाच्या शेवटी. मनगटाच्या जरा अलीकडं, हात उताणा करताना. दुकानात सुट्टे पैसे घ्यायला तळहात वर केला की शेवटच्या टप्प्यात ओढ बसायची. एक्स-रेमध्ये त्या दोन हाडांच्या लहान सांध्याच्या कडेला हाडाची बारीक चोच आलेली दिसली. डॉक्टरांनी जुनी फिल्म शेजारी लावली, २०१५ला ती नव्हती. अल्ना वर ओढली की त्या सांध्यातल्या दोन पृष्ठभागांची जुनी जुळणी बदलते, नवे भाग एकमेकांवर येतात, आणि वर्षं गेली की तिथं झिजेच्या खुणा दिसायला लागतात. जास्त वर्षं पाठपुरावा केलेल्या पेशंटांत हे बऱ्याच जणांत आढळतं. दिलाशाची बाब अशी की फिल्मवर दिसणारी झीज आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. कित्येकांना चोच असते आणि कळ नसते. माझं थोडं मधलं आहे.

म्हणून मी माझं काम बदललं. बॅटरीवरची कात्री घेतली. ती अंगानं जड आहे, पण मूठ आवळावी लागत नाही, बोटानं खटका दाबला की काडी तुटते. आता आमच्या भागात ती खूप जणांकडं दिसते, तेव्हा महाग वाटायची. औषधाचा कॅन उचलायचा तर दोन्ही हातांनी, तळवा आत करून. पिळायचं काम असेल तर कपडा नळाला अडकवून ओढतो. हे नियम मला कुणी लिहून दिले नाहीत, पण त्या एक्स-रेनंतर तो सांधा पुढची वीस वर्षं टिकवायचा आहे हे डोक्यात पक्कं बसलं.

आजची स्थिती मोजून सांगतो. मनगटाची मूळ कळ नाही, 'कट्' आवाज नाही. उजव्या हाताची पकड यंत्रावर मोजली तर डाव्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास भरते. मी उजवा आहे, म्हणजे ती डाव्यापेक्षा जास्त भरायला हवी होती. मनगट पुढं-मागं वाकतं ते पुरेसं. हात पालथा पूर्ण होतो, उताणा शेवटच्या थोड्यात अडतो. पाच-सहा तास सलग काम केलं की संध्याकाळी त्या लहान सांध्यात ठणका असतो, सकाळी नसतो. गोळी महिन्यातून एखाद्या वेळी. वण कोपराखालून मनगटाकडं सरळ आलेला आहे, उन्हात तो बाकीच्या हातापेक्षा फिका दिसतो. यातल्या कशाच्याही बदल्यात मी २०१४चं मनगट परत घेणार नाही.

गेल्या वर्षी चुलतभावाची मुलगी तिच्या मनगटाचे रिपोर्ट घेऊन आली. कुपवाडला कंपनीत पॅकिंगचं काम, हात कधी मोडलेला नाही, अल्ना जन्मतः थोडी लांब. कुणीतरी तिला थेट हाड कापायचं सांगितलं होतं. मी तिला विचारलं, मूठ आवळून एक्स-रे काढलाय का? नव्हता. पट्टा बांधून, काम बदलून किती दिवस बघितलं? बघितलंच नव्हतं. उतार कसा आहे हे कुणी सांगितलं का? तिला प्रश्नच कळला नाही. ती रडायला लागली, कारण तिला वाटलं मी ऑपरेशनला नको म्हणतोय. मी नको म्हणत नव्हतो. ऑपरेशन लागलं तर कर, चांगलं आहे, माझ्या हाताकडं बघ, असंच म्हणालो. पण आधी ही तीन उत्तरं मिळव, आणि डॉक्टरांना विचार की प्लेट कुठल्या अंगाला बसवणार. कंपनीनं तिला दुसऱ्या टेबलाला लावलं. सहा महिने पट्ट्यावर काढले, सध्या तिचं निम्म्याहून जास्त दुखणं कमी आहे आणि ऑपरेशन थांबलंय. ते कायमचं थांबेल का, हे तिचे डॉक्टर पुढच्या फिल्मवर ठरवतील.

माझी शेवटची फिल्म या मे महिन्यातली. कापाची जागा आता शोधावी लागते. स्क्रूच्या भोकांच्या जागी फक्त फिकट ठिपके आहेत. चोच २०१९पेक्षा किंचित मोठी. मी विचारलं, ही वाढत गेली तर? डॉक्टर म्हणाले की त्या सांध्यावरही उपाय आहेत, पण ते दुखण्यावर ठरतात, फिल्मवर नाही. तळहातावर ताटाचं वजन पेलेनासं झालं किंवा रात्री झोपमोड व्हायला लागली तर यायचं. नाहीतर दोन वर्षांनी, खरड छाटणी उरकल्यावर, एक एक्स-रे.